दोन मिलिमीटर

सकाळी सहाला पंप सुरू करायला जावं
तर कालव्याच्या तोंडाशी पेलिकन आधीच येऊन बसलेले,
जेवणाच्या घरी लवकर आलेल्या पाहुण्यांसारखे,
गळ्याच्या पिशव्या सावरत.
बाप म्हणायचा, यांना डिझेलचा वास कळतो.

लॅक्लन नदीचं पाणी बावीस इंची नळातून वर यायचं,
दूध कमी पडलेल्या चहासारखं,
आणि त्यातून काय काय:
गमच्या झाडाची साल, शिंपले, एकदा कुणाची तरी चप्पल,
आणि बोटाएवढे सोनेरी पर्च.
काही अख्खे. काही अर्धे.
काही अख्खे दिसायचे, उचलल्यावर कळायचं.

धाकटी बहीण मेरिडी बादली घेऊन शेतात हिंडायची.
कपाशीच्या दोन ओळींमध्ये, घोटाभर पाण्यात
मासे थांबलेले असायचे,
कुणाला तरी पत्ता विचारायचा असल्यासारखे.
ती नदीकडे धावायची. अर्धा किलोमीटर.
निघताना सात, पोचताना चार.
परत यायची, परत धावायची.
बाप हसायचा: अगं, नदीत काय कमी आहेत?

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
आमचं वैर नव्हतंच.
वैर परवडलं असतं.
वैऱ्याची माणूस निदान मोजदाद ठेवतो.

मग पेलिकन येईनासे झाले.
कुठल्या वर्षी, ते सांगता येणार नाही.
कोण कधी आलं हे लक्षात राहतं,
कोण कधीपासून आलं नाही, हे नाही.
आम्ही म्हटलं, उत्तरेला पाणी असेल. पक्षीच ते.
बाप गेला. मेरिडी डबोला नर्स झाली.
बादलीत मी ग्रीस ठेवू लागलो.

नेरिडा क्विल्टी आली ती मार्चमध्ये, टेप घेऊन.
पंप किती पाणी उचलतो हे तिनं विचारलंच नाही.
विचारलं, तोंडाशी वेग किती?
म्हटलं, ओढतो तसा ओढतो.
तिनं गमचं एक पान पाण्यावर टाकलं
आणि मोजायला लागली.
'एक' पुरतं म्हणून व्हायच्या आत पान आत.
म्हणाली, बोटाएवढ्या जिवाला
'नको' म्हणायला एवढाच वेळ मिळतो.

ती जे बसवणार होती त्याची किंमत ऐकून
मी हसलो.
हसू बापाचं निघालं.
ते ऐकून दोन हंगाम गप्प होतो.

आता नळाच्या तोंडावर पोलादी जाळीचं पिंप आहे,
छोट्या मोटारीएवढं, फटी दोन मिलिमीटरच्या.
तोंड मोठं केलं की घोट लहान होतो,
एवढंच त्यातलं शास्त्र मला कळलं.
पाणी तेवढंच येतं, पण सावकाश आत शिरतं,
जाळीपाशी आलेलं पिल्लू
अंग वळवून पुढं निघून जाऊ शकतं.
आतला ब्रश दर तासाला फिरतो.
रात्री खिडकीतून ऐकू येतो,
कुणीतरी अंगण झाडत असल्यासारखा.

शेजाऱ्यांना मी सांगतो, फवाऱ्याची नोझल तुंबत नाहीत.
ते नोझलसाठी ऐकतात.
ऐकू देत.

कालव्याच्या तोंडाशी अजून जातो सकाळी.
पाणी येतं. नुसतं पाणी.
बघण्यासारखं काही नाही,
आणि मी बघत उभा असतो.
गाळणीनं काय वाचवलं
ते गाळणीत सापडत नाही.

मेरिडीला फोन केला.
किती वाचले रे?
दिसत नाहीत, म्हटलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मागे तिच्या वॉर्डातली कसली तरी घंटा वाजत होती.
मग म्हणाली, माझी बादली आहे का अजून?
आहे. ग्रीस आहे तीत. धुऊन ठेवू?
नको,
ती म्हणाली, राहू दे ग्रीस.